एजंटाचं लायसन आणि पौर्णिमेचं उधाण

जागेच्या दलालीत मी पहिलं गिऱ्हाईक आणलं, ते थेट पाण्यात.

हे मी अलंकारिक बोलत नाही. वैशाखातल्या पौर्णिमेची दुपार होती. खाडीकाठच्या एका बांधावर आम्ही तिघं उभे होतो. एक मामा, ज्यांनी उभा जन्म मुंबईत टॅक्सी चालवली होती आणि आता रत्नागिरीत घर बांधून राहायचं मनात घेतलं होतं. दुसऱ्या त्यांच्या मंडळी, म्हणजे मामी. आणि तिसरा मी. मामा काही माझे सख्खे मामा नव्हेत. त्यांचं मूळ गाव पालीजवळचं, माझं देवरूखकडचं, तेवढ्या आधारावर मी पहिल्या भेटीतच त्यांना मामा करून टाकलं होतं. नवशिक्या दलालाला नाती जोडायची फार घाई असते.

मामींच्या हातात नारळ होता, उदबत्त्यांचा पुडा होता, पदराखाली हळदकुंकवाची डबी होती. आठवड्यापूर्वी याच बांधावरून मी मामांना जागा दाखवली होती. लांबरुंद, सपाट, एक झाड नाही की दगड नाही. "मामा, इथे तुमचं देवघर, इथे न्हाणी, आणि पुढे अंगणात नातवंडं क्रिकेट खेळतील," असं मी हात पसरून सांगितलं होतं. मामांना जागा पसंत पडली आणि चांगला दिवस म्हणून पौर्णिमेला मामींना घेऊन नारळ फोडायला यायचं ठरलं.

आता त्या जागेवर पाणी होतं. जिथे मी देवघर सुचवलं होतं तिथून एक होडी चालली होती, आणि होडीतला माणूस वल्हं थांबवून आमच्या नारळाकडे बघत होता.

काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "वरून कुणीतरी पाणी सोडलेलं दिसतंय."

"वरून म्हणजे कुठून?" मामींनी सरळ मनाने विचारलं.

मामींनी थोडी वाट पाहिली, मग नारळ पिशवीत परत ठेवला. "नेऊ या घरी," त्या मामांना म्हणाल्या, "इथे टाकला तर लोक म्हणतील, म्हातारीला नारळी पौर्णिमेचीही घाई."

मामा मात्र हसले नाहीत. ते चौकात गाडी अडवणाऱ्या पोलिसाच्या थंड आवाजात मला म्हणाले, "लायसन दाखव."

"कसलं लायसन?"

"एजंटाचं. मुंबईत टॅक्सी चालवायची तर लायसन लागतं, वर छातीला बॅज लागतो, अंगात खाकी लागते. मी माणसाला दादरहून भायखळ्याला न्यायचो, तेवढ्यासाठी. तू तर माणसाचं सगळं म्हातारपण घेऊन निघालायस. तुझ्याकडे काहीतरी कागद असेलच की."

माझ्याकडे कागद नव्हता. मामांनी मग निर्णय सांगितला. ते मुंबईची खोली आवरायला परत जाणार होते, गणपतीला येणार होते. तोपर्यंत मी लायसन दाखवलं तर माझ्याबरोबर दुसरी जागा बघतील. नाहीतर त्यांचा मेहुणा बदलापूरला एक घर बघून बसलाच होता.

घरी आल्यावर बायकोने ताक दिलं आणि शांतपणे विचारलं, "पहिल्यांदा दाखवलीत तेव्हा तिथी कुठली होती?"

तिथीचा काय संबंध, असं मी म्हणणार होतो. पण बायको गुहागरकडची, समुद्राच्या आवाजात वाढलेली. तिने बोटांवर मोजलं. अष्टमी. "म्हणजे भांग होता," ती म्हणाली. भांग म्हणजे भरती-ओहोटीचे सुस्त दिवस. पाणी आपलं खाडीच्या पोटातच खालीवर होतं, काठावर चढत नाही. आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भर दुपारी. "मालकाने त्याच चार दिवसांत दाखवा म्हणून घाई केली असेल?"

केली होती. मला वाटलं होतं दुसरं गिऱ्हाईक मागे लागलं असेल.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. मला त्या 'तरी'ची चव बरेच दिवस ताकाला येत होती.

आता हा उद्योग मी का करत होतो ते सांगायला हवं. मी एका आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात कारकून होतो. मालकांच्या भावाभावांत फाटलं आणि कारखाना बंद झाला. शहर मात्र तेव्हा वाढत होतं. मुंबईचे चाकरमानी, बोटीवरची माणसं, शाळामास्तर, सगळ्यांना चार गुंठे हवे होते. मला बोलायची सवय, चालायची सवय, आणि दुसरं काही येत नव्हतं, म्हणजे दलाल होण्याइतकी पात्रता अंगी होती. घर चालत होतं बायकोच्या शिवणकामावर. गणपतीपर्यंत माझं बस्तान बसलं नाही तर मी मुंबईला चुलतभावाच्या खोलीवर जायचं, तो कुठेतरी चिकटवून देईल, आणि बायकोने मुलीला घेऊन इथेच राहायचं, असं आमच्यात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी बोललो होतो आणि ती मशीन चालवत राहिली होती. आमच्या गावातली निम्मी घरं अशीच ठरलेली होती. बाप वर्षातून दोनदा एसटीतून उतरतो आणि पोरं त्याला आधी पाहुणा समजतात. मला ते नको होतं. म्हणून मामांचं लायसन माझ्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून मी सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी माझी मागणी दोनदा ऐकली. मग चष्मा काढून ठेवला. माणूस सज्जन होता. त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि कचेरीत बसायला सांगितलं जाण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग. दस्त लिहिणाऱ्याला परवाना आहे, ते म्हणाले, स्टँप विकणाऱ्याला आहे. रेडिओला लायसन आहे, सायकलला बिल्ला आहे, पाळलेल्या कुत्र्यालाही गळ्यात बिल्ला आहे.

"पण जागेच्या दलालाला सरकारने अजून काहीच ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पूर्ण मोकळे आहात."

आपण कुत्र्यापेक्षा मोकळे आहोत हे ऐकून मला मुळीच आनंद झाला नाही. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला नसावा, कारण साहेबांना दया आली. त्यांनी वाट दाखवली. ऑफिस थाटलंत तर दुकानांच्या कायद्याखाली नोंदणी होईल, शॉप अ‍ॅक्टचं लायसन मिळेल, सरकारी शिक्क्याचं. ते एजंटाचं नव्हे, ऑफिसचं. पण भिंतीवर लावता येईल. त्यासाठी हवी एक जागा, जागेच्या मालकाची संमती आणि दारावर मराठीत बोर्ड.

म्हणजे लोकांना जागा मिळवून देणाऱ्याला आधी स्वतःला जागा मिळवायची होती. आम्ही भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, त्यांतल्या एकीत शिवणाचं मशीन. घरमालकीण काकू शेजारच्या भागात एकट्या राहायच्या. त्यांच्या घराला रस्त्याच्या बाजूने एक छोटी खोली होती, तिथे त्यांचे नारळ आणि आमसुलांच्या बरण्या असत. ती खोली मिळाली तर. पण काकूंना विचारायचं धाडस होईना. 'दलाल' हा शब्द त्या सुपारीत खडा लागल्यासारखा उच्चारत.

शेवटी बायकोच गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. संध्याकाळी काकूंनी मला ओट्यावर बोलावलं.

"तुझा बोर्ड लागेल तो माझ्या दारावर," त्या म्हणाल्या. "लोक तुला ओळखत नाहीत, माझं दार ओळखतात. उद्या कुणी फसला तर तो मला विचारणार."

मी मान हलवली.

"माझ्या सासऱ्यांनी उन्हाळ्यात जागा बघितली नि घेतली. छान कोरडी होती. मग आम्ही सुनांनी जन्मभर पावसात माजघरातलं पाणी उपसलं. तेव्हा माझी अट ऐक. जी जागा लोकांना दाखवशील ती आधी तू उधाणाला बघायची नि एकदा मुसळधार पावसात बघायची. छत्री घेऊन उभं राहायचं तिथे. कबूल असेल तर नारळ मी माझ्या खोलीत नेते."

कबूल होतं. नारळ मीच वाहून नेले. आमसुलांचा वास मात्र त्या ऑफिसातून शेवटपर्यंत गेला नाही. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आत येताच एकदा आवंढा गिळायचं, आणि मला वाटायचं, माझ्या बोलण्याने भारावलंय.

मृगाच्या सुमाराला इन्स्पेक्टर पाहणीला आले. आदल्या दिवशीपर्यंत माझ्याकडे टेबल नव्हतं. बायकोने आपलं मशीन त्या खोलीत आणलं, वर चादर घातली, चादरीवर दौत आणि कॅलेंडर ठेवलं. इन्स्पेक्टर समोर बसले आणि त्यांचा पाय खालच्या पायट्यावर पडला. टेबलाच्या पोटात काहीतरी खडखडलं. त्यांनी पाय काढला, माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. नोकरीत असताना प्रश्न न विचारणं फार थोड्यांना साधतं.

मग त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी ठेवणार. मी अडकलो. धंदा सुरू झाला नव्हता, सातही वार माझे सुट्टीचेच होते, त्यांतला एक निवडायचा कसा? मी छताकडे बघत असताना मागच्या दाराच्या पडद्याआडून बायकोचा आवाज आला, "सोमवार."

सोमवार लिहिला गेला. मशीन तिथेच राहिलं, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बायको चादर काढून त्यावर शिवायची. ते लायसन हातात आलं तेव्हा मी त्याला काच लावून घेतली, बोर्ड रंगवून घेतला आणि पाऊस सुरू झाला.

त्या पावसाळ्यात मी जेवढा भिजलो तेवढा त्याआधीच्या सगळ्या पावसाळ्यांत मिळून भिजलो नसेन. लोक पाऊस थांबला की घराबाहेर पडतात, मी पाऊस वाढला की निघायचो. बायकोने कॅलेंडरवर उधाणाच्या दिवसांना लाल शिसपेन्सिलीने टिंबं दिली होती. सकाळी ती चहा देताना सांगायची, आज भांग आहे, खाडीकडे जाऊन काही कळायचं नाही, कातळावरची जागा बघून या. मी निघायचो. छत्री उलटायची. जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा राहून मी कुणाच्या तरी ओसाड जमिनीकडे तासभर बघताना दिसलो की लोक वाट वाकडी करून विचारपूस करायचे. घरी सगळं बरं आहे ना, काही टेन्शन आहे का. मी सांगायचो, पाणी कुठे जातं ते बघतोय. यावर ते आणखीच हळुवार बोलायला लागायचे.

पाहिलेल्या बऱ्याच जागा अशा गेल्या. एकीत तळं झालं. एकीची वाट वाहून गेली. पण खाडीच्या वरच्या अंगाला, एका उतारावर, एक जागा मिळाली. श्रावणातल्या उधाणाला पाणी खालच्या बांधापाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी पुढच्या अमावास्येलाही गेलो. पुन्हा तिथेच थांबलं. त्या पाण्याचे आभार मानावेत असं मला खरोखर वाटलं. मानलेही, आजूबाजूला कुणी नाही बघून.

गणपतीला मामा-मामी आले. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून दुसऱ्याच दिवशी ते ऑफिसात हजर. मामांनी भिंतीवरचं लायसन खाली काढून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून सगळं वाचलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हे ऑफिसचं आहे," ते म्हणाले. "हे टॅक्सी उभी करायच्या स्टँडचं झालं. बॅज कुठाय?"

मी त्यांना खोटं सांगू शकलो असतो. सही-शिक्का होता, बोर्ड होता. पण पडद्याआड बायको कान देऊन उभी आहे हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "मामा, दलालाला बॅज नसतो. सरकारने ठेवलाच नाही. मी विचारून आलो."

मामांनी लायसन परत खिळ्याला लावलं, ते सरळ केलं, आणि म्हणाले, बरं, मग आहे ती जागा तरी दाखव, परवाच्या एसटीचं आमचं रिझर्व्हेशन आहे.

आणि इथे मी ते केलं, जे शहाण्या दलालाने कधी करू नये. मी म्हणालो, "आज नको. पौर्णिमेपर्यंत थांबा. उधाणाला दाखवतो."

बदलापूरचं घर तयार होतं. एसटीचं तिकीट खिशात होतं. मुंबईला माझा चुलतभाऊ वाट बघत होता. मला वाटलं, झालं, आपण स्वतःच्या हाताने सोडलं.

मामींनी निकाल लावला. "थांबू या," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी नारळ माझ्याच हातात होता."

पौर्णिमेला सकाळपासून पाऊस असा लागला होता की ऑफिससमोरचा रस्ता दिसत नव्हता. बाराच्या सुमाराला आम्ही त्या उतारावर पोचलो. तीन छत्र्या, त्यांतली माझी उलटलेली. समोर खाडी तुडुंब फुगली होती. पाणी खालच्या बांधाला लागलं आणि थांबलं. मामा स्वतः खाली जाऊन बांधावर उभे राहिले. आम्ही वाट बघत राहिलो. पाणी वर आलं नाही.

मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. जागामालक शेजारीच उभे होते आणि समाधानाने हसत होते. पण काकूंची अट नुसती उधाणाची नव्हती. मी मामांना वरच्या कोपऱ्यात नेलं. तिथून डोंगराचं पाणी लोंढ्याने उतरत होतं. म्हणालो, हा पऱ्या दर पावसात इथूनच जाणार, उन्हाळ्यात त्याचा मागमूस दिसणार नाही. इथे स्वयंपाकघर काढू नका, पाण्याला वाट ठेवा. मालकांचं हसू कमी झालं. मग मी फणस दाखवला. जागेच्या बरोबर मध्ये, पोसलेला, बुंध्यापर्यंत लगडणारा. हा फणस शेजाऱ्यांचा, मी सांगितलं. पूर्वजांच्या वाटपात जमीन एका भावाकडे आली आणि झाड दुसऱ्याकडे राहिलं. जमीन तुमची होईल, फणस त्यांचाच राहील, दरवर्षी ते काढायला येतील. तोडायचा विचार करू नका.

"तुम्ही एजंट कुणाचे?" मालकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त होता.

मामींनी फणसाकडे वर बघितलं. "येतील तेव्हा गरे देतील ना?" त्यांनी मालकांना विचारलं.

"न देऊन जातील कुठे?" मालक म्हणाले. "आमच्याकडे पण देतात."

"मग झालं. सोबत होईल."

पाऊस मामांच्या छत्रीवर वाजत होता. मग ते माझ्याजवळ आले. "मी लायसनची परीक्षा दिली," ते म्हणाले, "तेव्हा साहेब शेजारी बसला होता. सरळ कशी चालवतोस ते त्याने बघितलंच नाही. म्हणाला, सरळ सगळेच चालवतात, गाडी मागे घेऊन दाखव." त्यांनी आपली छत्री माझ्या डोक्यावर धरली. "तू आज मागे घेऊन दाखवलीस. पास."

मामींनी पिशवीतून नारळ काढला. तो पहिलाच होता की दुसरा, मी विचारलं नाही. भर पावसात फोडला. अर्धा मालकांना दिला, अर्ध्याचे तुकडे सगळ्यांना.

ते घर आजही तिथे आहे. स्वयंपाकघर पऱ्यापासून लांब आहे. पुढच्या काही वर्षांत मामांनी पालीकडची, देवरूखकडची, आपल्या टॅक्सी स्टँडवरची किती माणसं माझ्याकडे पाठवली त्याला गणती नाही. येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "उधाणाला बघितलीय का?" मी मुंबईला गेलो नाही. माझी मुलगी मला रोज बघत मोठी झाली, आणि त्यामुळे तिला माझं फारसं अप्रूप नाही, यासारखं सुख नाही. भिंतीवर सरकारी लायसन राहिलं. त्याचं नूतनीकरण मी इमानाने करत राहिलो. पण कुणी विचारलं की मला परवाना कुणी दिला, तर मला आमसुलाच्या वासाची ती खोली सोडणाऱ्या काकू आठवतात, मशीनच्या पायट्यावरून मुकाट पाय काढून घेणारे इन्स्पेक्टर आठवतात, आणि छत्रीतले मामा.

त्या पौर्णिमेला मी घरी पोचलो तो नखशिखांत भिजलेला. दारातूनच बायकोला म्हणालो, पास झालो. मग सगळं सविस्तर सांगितलं, मामांचं वाक्य दोनदा. ती टॉवेल हातात घेऊन ऐकत होती. मशीन अजून ऑफिसातच होतं, चादर पांघरून, आणि घरातला तो कोपरा रिकामा दिसत होता. माझं बोलणं संपल्यावर तिने टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला.

"सोमवारी सुट्टी असते ना तुम्हाला?" ती म्हणाली. "मग येत्या सोमवारी आम्हालाही दाखवा एखादी जागा. भरतीचं मी बघते."